रेल येण्याआधीची दवंडी



या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा मी आधी नकारच दिला होता. या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकलंत, नाट्यसंगीत ऐकलंत, इतिहास ऐकलात. मी जन्मभर टेलिफोनच्या तारा आणि वायरलेसचे खांब यांच्यात वावरलेला माणूस. साहित्याच्या मंडळात येऊन मी काय सांगणार? त्यावर फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "निरोप पोचवणं हाच ना तुमचा धंदा? मग निरोपाबद्दलच बोला. साहित्य तरी वेगळं काय करतं?" यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून आज मी आपल्यासमोर उभा आहे.

विषय थोडक्यात असा. पूर, दरड, वादळ, भूकंप यांच्या तोंडी असलेली जी गावं आहेत, तिथे ऐन वेळी निरोप पोचत नाही. तो पोचावा म्हणून इंटरनेटचं जाळं गावाने स्वतः उभारावं, स्वतः सांभाळावं, असा एक विचार आणि तसे काही प्रयोग झाले आहेत. ते आपल्याला काय सांगतात, हे मला मांडायचं आहे. पण सुरुवात आपल्याच घरापासून करतो.

आपल्या सुरतेत पुराला 'रेल' म्हणतात. जुन्या माणसांच्या बोलण्यात वर्षं रेलेवरून मोजली जातात: ही गोष्ट अडुसष्टच्या रेलेआधीची, ती नंतरची. आमच्या पिढीची रेल म्हणजे २००६ची. ७ ऑगस्टला पाणी शहरात शिरलं आणि तीन-चार दिवस हटलं नाही. उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडावं लागलं होतं. ९ तारखेला राखीपौर्णिमा होती, म्हणजे समुद्राला उधाणाची भरती. तापीचं पाणी खाडीत उतरायला जागा नव्हती. अडाजण, रांदेर, सिंगणपोर, कतारगाम, नानपुरा, अठवा, कुठलं नाव घ्यावं आणि कुठलं सोडावं! या सभागृहात बसलेल्या बहुतेक घरांच्या भिंतींवर ती रेघ अजून कुठेतरी असेल.

आमचं घर तेव्हा अडाजणला, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या रात्री वीज गेली. घरचा टेलिफोन मुका झाला. मोबाइल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला, मग त्याचीही बॅटरी संपली. मी स्वतः याच खात्यातला माणूस, पण माझ्याच घरात निरोप येईना आणि जाईना. अमळनेरला आमचे चुलतभाऊ टीव्हीसमोर बसून होते. सुरतेत पाणी कुठवर आलंय हे त्यांना आमच्याआधी कळत होतं, आणि कळूनही ते आम्हाला सांगू शकत नव्हते.

आम्हाला सावध कोणी केलं, ते सांगतो. आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पोरांनी. गणपती वीस दिवसांवर आलेले, त्यामुळे मंडळाचा भोंगा आणि बॅटरी मांडवाच्या सामानात तयारच होती. पाणी गल्लीच्या तोंडाशी आल्याबरोबर ही पोरं भोंगा घेऊन फिरली. गुजरातीत ओरडली, मराठीत ओरडली, नावं घेऊन ओरडली. तळमजल्यावर एक काकू एकट्या राहत. त्यांना ऐकू येत नसे. त्यांच्या दाराशी पोरांनी भोंगा वापरला नाही. मागच्या खिडकीला काठी मारून त्यांना उठवलं आणि उचलून वर आणलं. तासाभराने त्यांच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं.

सभ्यहो, काकूंना ऐकू येत नाही ही माहिती कुठल्याच नियंत्रण कक्षात नव्हती. ती गल्लीत होती. आज मी जे काही सांगणार आहे, त्याचं मूळ या एका गोष्टीत आहे.

आता जरा नदीच्या उलट दिशेने जाऊ. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत आपल्यापर्यंत येते. तिच्या खोऱ्याचा मोठा भाग महाराष्ट्रात, त्यातही खानदेशात आहे. भुसावळजवळ हतनूर, मग सारंगखेडा, प्रकाशा आणि शेवटी उकाई. आपल्यापैकी अनेकांची घराणी याच वाटेने, ताप्ती लाईनच्या गाडीत बसून सुरतेला आली. काहींची त्याहून जुनी, गायकवाडांबरोबर आलेली. गायकवाडांचं पहिलं ठाणं सोनगड हे उकाईपासून हाकेच्या अंतरावर. पाणी आणि माणसं एकाच खोऱ्यातून इथे आली. हतनूरला दरवाजे उघडले की काही काळाने त्याची किंमत सुरत मोजते, हे आपल्याला पाठ आहे. उकाईची पातळी ३४५ फुटांकडे सरकू लागली की भाजीवालासुद्धा त्याबद्दल बोलतो. पंचांगात नसलेला हा आकडा सुरतेत सगळ्यांना तोंडपाठ असतो.

२००६ नंतर शहर शहाणं झालं. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने आशियातल्या काही शहरांत हवामानबदलाला तोंड देण्याची तयारी करणारा एक कार्यक्रम झाला, त्यात सुरत होतं. त्यातून उकाईच्या वरच्या पावसापासून शहरातल्या वस्तीपर्यंत पूर्वसूचनेची साखळी उभी राहिली. महापालिका, सिंचन खातं, आपलं एस.व्ही.एन.आय.टी. अशा अनेकांचे हात त्याला लागले. फार मोलाचं काम झालं. पण ते शहरासाठी. नदी काही फक्त शहरातून वाहत नाही, आणि आपत्ती काही फक्त नदीतून येत नाही.

३० जुलै २०१४. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण. सकाळी डोंगर खचला आणि गाव त्याखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. जगाला हे कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. तो नेहमीच्या फेरीला आला आणि जिथे गाव असायचं तिथे त्याला गाव दिसेना. त्या दिवशी एसटी उशिरा आली असती, तर?

२२ जुलै २०२१. महाड तालुक्यातलं तळिये. त्या दिवशी महाड शहर स्वतःच पुरात होतं. वीज नाही, फोन नाही, रस्ते बंद. तळियेवर दरड आली, पण मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

१९ जुलै २०२३. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. ठाकरांची डोंगरावरची वाडी, गाडीरस्ता नाही. रात्री दरड आली. मदतीला गेलेली माणसं अंधारात, पावसात पायी चढली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले.

दरड कोसळणं थांबवणारं यंत्र माझ्याकडे नाही. इंटरनेट असतं तर ही सगळी माणसं वाचली असती, असंही मी म्हणणार नाही. तसं म्हणणं मृतांचा अपमान होईल. पण डोंगराला भेग पडलीय, विहिरीचं पाणी एकदम गढूळ झालंय, झाडं तिरकी झालीत, हे आधी दिसतं ते गावातल्या माणसाला. दिसलेलं सांगायला वाट हवी. आणि घडल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत हाक ऐकू जायला हवी. माणूस जिवंत सापडतो तो बहुतेक त्याच तासांत.

मग मोबाइल आहेत ना, असं आपण म्हणाल. म्हणून मोबाइल का बंद पडतो ते सांगतो.

मोबाइलचा निरोप हवेतून जातो असा आपला समज असतो. फोनपासून टॉवरपर्यंतचा प्रवास हवेतला. तिथून पुढे तो जमिनीखालच्या फायबरने जातो किंवा दूरच्या दुसऱ्या टॉवरकडे रोखलेल्या तबकडीने. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास चालते, मग डिझेलचा जनरेटर. रस्ता वाहून गेला की डिझेल येत नाही. दरडीने किंवा पुराने फायबर तुटली की टॉवर उभा असूनही मुका होतो. जो टॉवर चालू राहतो त्याच्यावर सगळा तालुका एकदम तुटून पडतो, म्हणून तोही चोंदतो. आणि दुरुस्तीचा माणूस राहतो जिल्ह्याच्या गावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याला धडकलं, त्यानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कितीतरी गावांशी बोलणंच होईना. मुंबई-सुरतेतली कोकणी माणसं दिवसेंदिवस घरचा फोन लावत बसली होती. म्हणजे यंत्र वाईट नाही. पण त्याची वीज बाहेरून येते, तार बाहेरून येते, माणूस बाहेरून येतो. आणि संकटात पहिलं काय तुटतं? बाहेरचा रस्ता.

याला उपाय काय, याचं एक उत्तर आपल्यापासून तीन तासांच्या गाडीवर शोधलं गेलं. पालघरला.

मुंबईच्या आय.आय.टी.मधले प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राममार्ग' नावाचा प्रकल्प हाती घेतला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. खामलोली आणि जांभळांसाठी प्रसिद्ध असलेली बहाडोली, अशा त्या भागातल्या गावांत त्यांनी प्रयोग केला. कल्पना सोपी होती. दूरदर्शनसाठी राखून ठेवलेल्या लहरींचा बराचसा पट्टा खेड्यांत रिकामाच पडून असतो. अँटेनाच्या जमान्यात टीव्हीचं चित्र झाडीतून, टेकडीआडूनही घरात यायचं ते या लहरींच्या गुणामुळे. मग त्याच रिकाम्या पट्ट्यातून इंटरनेट का नेऊ नये? त्यांनी ते नेऊन दाखवलं. पुढे दुसऱ्या, परवाना न लागणाऱ्या लहरी वापरून काम पंचवीसेक गावांपर्यंत वाढवलं. मार्च २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं पारितोषिक मिळालं.

मला पारितोषिकापेक्षा त्यांच्या हिशेबात जास्त रस आहे. त्यांनी मांडलेल्या पद्धतीत सरकार, खाजगी कंपनी यांच्याबरोबर ग्रामपंचायत भागीदार आहे. गावातल्या यंत्रणेचा खर्च पंचायतीने उचलायचा, ती चालवायची गावातल्याच एखाद्या होतकरू माणसाने, आणि त्याला त्यातून चार पैसे मिळायचे. म्हणजे अँटेना वाकडी झाली तर शिडी लावणारा माणूस गावातच राहतो. त्याची आईही त्याच गावात असते. रात्री दोन वाजता तो उठतो तो नोकरी म्हणून नव्हे.

हा प्रकल्प आपत्तीसाठी नव्हता. रोजच्या वापरासाठी होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे, नोव्हेंबर २०१८पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीचं नाव तेव्हा आपण रोज वर्तमानपत्रात वाचत होतो. लोक घराबाहेर झोपत होते, शाळा तंबूत भरत होत्या. आता कल्पना करा. रोजच्या वापराचं, गावाच्या मालकीचं, गावातल्या पोराने चालवलेलं जाळं अशा गावांत असेल तर ते कोणाच्या उपयोगाला येईल?

असं गावाचं जाळं दिसतं कसं? शाळेच्या छपरावर एक वायफायची पेटी, पंचायतीवर दुसरी, दूध डेअरीवर तिसरी, देवळाच्या कळसाखाली चौथी. प्रत्येक पेटी शेजारच्या पेटीशी बोलते. एक पडली तर निरोप दुसऱ्या वाटेने फिरून जातो. अशा पेटीला वीज लागते ती एखाद्या दिव्याएवढी, त्यामुळे सोलरचं पान आणि बॅटरी यांवर ती चालते. पंचायतीत एक छोटा संगणक ठेवला की बाहेरचं इंटरनेट तुटलं तरी गावातल्या गावात निरोप चालू राहतात: कोण कुठे अडकलंय, डॉक्टर कोणत्या आळीत आहे, शाळेत किती माणसं आली. आणि बाहेर जाणाऱ्या वाटा दोन ठेवायच्या. एक फायबर, दुसरी समोरच्या डोंगरावरच्या तबकडीने शेजारच्या गावाकडे. दोन्ही एकदम तुटण्याची शक्यता कमी.

हे हवेतले मनोरे नाहीत. नेपाळात म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी गावी महावीर पुन नावाच्या शिक्षकाने साध्या वायफायच्या पेट्या आणि टीव्हीच्या तबकड्या उंच झाडांवर बांधून डोंगरातली गावं जोडली. त्याआधी ईमेल पाहायचा तर त्याला पोखऱ्याला जावं लागे. २००७ साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि अमेरिकेतलंही ऐका. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या रेड हूक या गरीब वस्तीत एका सामाजिक केंद्राने असंच वस्तीचं लहानसं जाळं टाकायला सुरुवात केली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सॅन्डी वादळाने तो भाग बुडवला. वीज आणि मोठमोठ्या कंपन्यांचं नेट तिथे बंद पडलं. हे चिमुकलं जाळं कामाला आलं. लोक त्या केंद्रात जमले, फोन चार्ज केले, घरच्यांना कळवलं. पुढे तिथल्या सरकारी आपत्ती यंत्रणेनेच आपलं उपग्रहाचं कनेक्शन आणून या जाळ्याला जोडलं. सरकारकडे आकाशातून येणारी वाट होती. घराघरांत शिरणारी वाट वस्तीकडे होती.

म्हणून कोणी मला विचारतं, "आता उपग्रहावरून इंटरनेट येतंय, मग गावाच्या जाळ्याचं काय काम?", तेव्हा मी हेच सांगतो. उपग्रह गावाच्या वेशीपर्यंत येईल. वेशीपासून काकूंच्या मागच्या खिडकीपर्यंत कोण जाणार?

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीत असताना एका नदीकाठच्या गावात आम्ही पुराचा इशारा देणारा भोंगा बसवला. उत्तम यंत्र होतं. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले. तीन वर्षांनी मी पुन्हा त्या बाजूला गेलो. भोंग्यात चिमण्यांनी घरटं केलं होतं. सोलरच्या पानावर धूळ साचून ते मातीच्या रंगाचं झालं होतं. बॅटरी एका घरात टीव्ही चालवत होती. मला राग आला. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, तीन वर्षांत तुमचा भोंगा एकदाही बोलला नाही. टीव्ही रोज बोलतो." मी गप्प बसलो. दोष गावाचा नव्हता. तो भोंगा कुठे लावावा, कोणी लावावा, हे आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. आणि जी वस्तू फक्त संकटात वापरायची, ती संकटात चालत नाही. देवघरातली समई रोज घासली जाते म्हणून सणाला चकाकते.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. आपत्तीसाठी वेगळं जाळं नकोच. जाळं रोजचं हवं. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा, पोराची परीक्षेची फी भरायची, कापसाचा भाव पाहायचा, सुरतेत पॉवरलूमवर असलेल्या नवऱ्याशी बोलायचं, यासाठी. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, आणि २०२०च्या टाळेबंदीत त्याच जिल्ह्याच्या सातपुड्यातली मुलं शाळेच्या धड्यासाठी नेटच्या शोधात डोंगर चढत होती. गरज रोजची आहे. रोज वापरलेलं जाळं बंद पडलं तर त्याच संध्याकाळी ओरड होते. ओरड होते म्हणून दुरुस्त होतं. दुरुस्त असतं म्हणून संकटात चालतं.

कायद्याची अडचण येईल का? पूर्वी आली असती. पण हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्येच दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपल्या मराठी मुलखातले. २००५ पासून वायफायचा एक पट्टा परवान्याविना वापरायला मोकळा झाला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली; तिच्यात किराणा दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो. आणि भारतनेटची फायबर कितीतरी ग्रामपंचायतींच्या कपाटापर्यंत येऊन थांबलेली आहे. कपाटापासून आळीपर्यंत ती न्यायची आहे.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती लपवणं बरोबर नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. त्या अफवेने भिक्षेकरी भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला. हा खानदेश आपला आहे. त्या फोनला नेटवर्क होतं. निरोपही पोचला. तो कोणाचा आहे, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

इथे मला जुनी दवंडी आठवते. कोतवाल यायचा, डफ वाजवायचा, सगळे ओट्यावर यायचे. तो कोणाच्या हुकमाने बोलतोय हे माहीत असायचं, त्याचा चेहरा माहीत असायचा, आणि खोटं बोलला तर दुसऱ्या दिवशी त्याला गावातच तोंड दाखवायचं असायचं. दवंडीत आवाजाइतकीच जबाबदारीही होती. गावाच्या जाळ्यात हीच गोष्ट परत आणता येते. इशारा कोण देणार, अशी तीन-चार माणसं ग्रामसभेने ठरवायची: आशाताई, शाळेचे गुरुजी, पोलीस पाटील, मासेमारी करणारा एखादा. निरोप त्यांच्या आवाजात जाईल. ओळखीचा आवाज नसेल तर विश्वास ठेवायचा नाही, हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलं पाहिजे.

आणि आता मी साहित्य मंडळाच्या अंगणात येतो.

२०२३ मध्ये आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकदा मोठा आवाज करत सरकारचा चाचणी संदेश आला होता. कित्येकांनी घाबरून फोन बंद केला. यंत्रणा चांगली आहे, ती हवीच. पण "नदीपात्रात अमुक लाख क्युसेक विसर्ग, सतर्क राहावे" हे वाक्य अक्कलकुव्याच्या भिल्ल आजीला काय सांगतं? विसर्ग म्हणजे काय आणि क्युसेक किती, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? तोच निरोप असा द्या: "दोन तासांत पाणी मारुतीच्या तिसऱ्या पायरीला लागेल. गुरं सोडा. शाळेच्या माळावर चला." हे तिला कळेल, कारण मारुतीची पायरी तिने पाहिलेली आहे. तेच अहिराणीत सांगा, पावरीत सांगा, मावचीत सांगा. इकडे गुजरातच्या बाजूला गामीतांच्या, वसाव्यांच्या बोलीत सांगा. भाषांतर इंजिनियरला जमत नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय, आणि माझ्या वाक्यांना गावात लोक हसले होते. भाषा जाणणाऱ्यांचं ते काम आहे. आपल्या मंडळातल्या अनेक घरांत आजी अजून अहिराणीत रागावते. तिच्याकडे हे शब्द आहेत.

मला मोठ्या योजना सांगायच्या नाहीत. आपण सगळे उन्हाळ्यात, जत्रेला, लग्नाला आपापल्या गावी जाता. पुढच्या खेपेला चार प्रश्न विचारून या. पहिला: वीज गेल्यावर गावाजवळचा टॉवर किती तास चालतो? दुसरा: पंचायतीत फायबरची पेटी आलीय का, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे? तिसरा: आजवरचं सगळ्यात मोठं पाणी कुठवर आलं होतं, कोणत्या पायरीला, कोणत्या वडाला? डोंगरावरचं गाव असेल तर भेग कुठे पडते, ओहोळ कुठून फुटतो? आणि चौथा: गावातल्या कोणत्या घरात असं माणूस आहे ज्याला ऐकू येत नाही, चालता येत नाही, किंवा जे एकटं राहतं?

या चार प्रश्नांची उत्तरं एका वहीत लिहून आणा. पेट्या, बॅटऱ्या, सोलरची पानं हा त्यानंतरचा आणि त्यामानाने सोपा भाग आहे. पैसे आपल्यातून उभे राहतील, यंत्रं लावायला मी आणि माझ्यासारखे चार निवृत्त लोक येऊ. आमचे गुडघे अजून शिडी चढतात. पण वही भरल्याशिवाय आम्ही शिडी उचलणार नाही. ती चूक मी एकदा केलेली आहे.

त्या काकू पुढे बरीच वर्षं आमच्या शेजारी राहिल्या. रेल ओसरल्यावर दरवर्षी गणपतीत मंडळाच्या पोरांना त्या हाताने वळलेले मोदक द्यायच्या. एकदा मी त्यांना कागदावर लिहून विचारलं, त्या रात्री पाण्याचा आवाज ऐकू आला नसेल, मग कळलं कसं? त्या म्हणाल्या, "काठी खिडकीला लागली ना, तेव्हा भिंत हलली. मी म्हटलं, आपलंच कोणीतरी आलंय."